कोंबड्यांच्या आवारात वाळू टाकायची तर कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोरच्या पश्चिमेला डोंगराच्या कडेला घर आहे. गावरान आणि गिरिराज मिळून २० कोंबड्या, रात्रीच्या खुराड्याला लागून १० फूट बाय २० फुटांचे जाळीचे आवार. जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात आत चिखल होतो, वास सुटतो, माश्या येतात आणि गेल्या पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागली होती. आता आत वाळू टाकायची आहे. घराच्या गिलाव्याची उरलेली वाळू दारात पडून आहे, जवळचा क्रशरवाला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, द्यायला तयार आहे आणि कोकणातले पाहुणे खाडीची वाळू पाठवू म्हणतात. यातली कोणती घ्यावी?

क्रशरवाल्याकडची घ्या, पण काँक्रीटसाठी विकतात ती जाड आणि धुतलेलीच. गिलाव्याची वाळू या कामाची नाही. खाडीची तर नकोच. आवारावर पत्रा नसेल तर मात्र आधी पत्रा घाला आणि वाळूचे पैसे पुढच्या वर्षासाठी ठेवा. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण एकदा कारण समजले की तुमच्या गावात मिळेल त्या मालातून तुम्हालाच निवड करता येईल.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. त्यातला तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. म्हणजे २० कोंबड्यांमागे दिवसाला दीडेक लिटर पाणी जमिनीवर येते आणि त्यातलेही काही रात्री खुराड्यात पडते. एवढे पाणी सहा इंच जाड वाळू सहज सोसते. विष्ठेच्या खालच्या बाजूचे पाणी कोरड्या कणांमध्ये ओढले जाते, वरचे हवेने उडते आणि सकाळपर्यंत वाळूत घोळलेली सुटी गोळी उरते. ती दाताळ्याने उचलता येते. वाळूचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे. वाळू विष्ठा शोषून संपवत नाही, कुजवतही नाही, फक्त लवकर सुकवते.

आता पावसाचा हिशेब बघा. २०० चौरस फुटांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३० लिटर पाणी होते. तुमच्या भागात जुलैत एवढा पाऊस एका दिवसात पडणे काही नवलाचे नाही. दीड लिटरसाठी केलेली सोय ९३० लिटरपुढे टिकत नाही, मग वाळू कोणतीही असो. चार महिने विष्ठा भिजत राहते, तिचा पातळ राडा वाळूच्या पोटात उतरतो आणि ऑगस्टपर्यंत काळपट, अमोनियाचा वास मारणारा थर तयार होतो. म्हणून घाटमाथ्यावर आणि कोकणात उघड्या आवारासाठी मी वाळू सुचवत नाही. सोलापूर, जत, माण या कमी पावसाच्या पट्ट्यात निचरा चांगला असेल तर उघड्यावरही निभते.

पत्र्याला पन्हळ हवी, नाहीतर वरचे पाणी कडेने परत आतच येते. पश्चिम आणि नैऋत्य बाजूने झड आत येते. तिथे जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ताडपत्री किंवा जुना पत्रा लावा आणि वरचा भाग मोकळा ठेवा. वारा खेळला नाही तर वाळू सुकणार नाही.

आता कणाकडे येऊ. बांधकामाची वाळू मोजायला आयएस ३८३ हे मानक आहे. त्यात वाळूचे चार झोन आहेत, झोन १ सर्वांत जाड, झोन ४ सर्वांत बारीक. फरक किती आहे ते ६०० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.६ मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर कळते. झोन १ ची वाळू या चाळणीतून १५ ते ३४ टक्केच खाली पडते, झोन २ ची ३५ ते ५९ टक्के आणि झोन ४ ची ८० ते १०० टक्के. आपल्याला झोन १ किंवा झोन २ हवी. गिलाव्यासाठी मुद्दाम बारीक वाळू निवडलेली असते, कारण गवंड्याला भिंत गुळगुळीत करायची असते. तोच तिचा गुण आवारात दोष ठरतो.

बारीक वाळूत कणांमधल्या पोकळ्या अगदी लहान असतात आणि दिव्याची वात तेल वर खेचते तसे त्या पोकळ्या पाणी वर खेचून धरतात. यालाच केशाकर्षण म्हणतात. जाड वाळूत ही ओल खालच्या काही सेंटिमीटरांतच राहते, वरचा भाग कोरडा होतो. बारीक वाळूत ती बरीच वर चढते आणि कोंबडीच्या पायाखालचा थर दमट राहतो. थर सहा इंचांचा का ठेवायचा, याचेही उत्तर इथेच आहे. दोन-तीन इंचांच्या थरात ओलीला खाली राहायला जागाच नसते. शिवाय कोंबड्या उकरतात आणि पातळ थर असेल तर आठवड्याभरात खालची माती वर येते.

इथे एक गैरसमज दूर करतो. खाली खडी टाकली की वरच्या कोणत्याही वाळूचे पाणी झटकन खडीत उतरते, असे सर्रास सांगितले जाते. बारीक वाळूच्या बाबतीत तसे होत नाही. बारीक पोकळ्यांनी धरून ठेवलेले पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत आपणहून उतरत नाही. वाळूचा तळ पुरता भिजून जड झाला की मगच ते सुटते. म्हणजे गिलाव्याच्या वाळूखाली महागाची खडी घातली तरी वाळूचा तळ ओलाच राहणार. निचरा आधी वाळूच्या कणाने ठरतो, खडीने नाही.

रक्ती हगवणीचा संबंधही ओलीशीच आहे. या रोगाचे कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग देण्याच्या स्थितीत नसतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत ते पक्व होतात आणि मग पिल्लाच्या चोचीतून पोटात गेले की आजार होतो. कोरडी वाळू आणि रोज सकाळी उचललेली विष्ठा, या दोन्हींनी ही साखळी तुटायला मोठी मदत होते. एकट्या वाळूने रोग थांबत नाही. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले, पंख पाडून ती कोपऱ्यात बसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा.

क्रश सँड घेताना काय बघायचे, ते नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणापासून ती बनते. दगड फोडताना भुकटी निघतेच आणि ती वाळूतच राहते. मानकातही नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनहून बारीक भाग ३ टक्क्यांपर्यंतच चालतो, पण फोडलेल्या दगडाच्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालतो. काँक्रीटला ती भुकटी चालते. आवारात मात्र ती ओली होऊन बसली की थर चक्क फरशीसारखा घट्ट होतो, पाणी वरच साचते आणि सुकली की कोंबड्या उकरताना धूळ उडते. कोंबडीची श्वसनसंस्था नाजूक असते. त्या धुळीवर अमोनियाची भर पडली की शिंका, डोळ्यांत फेस, घरघर सुरू होते. म्हणून ‘धुतलेली’ या शब्दावर अडून राहा. क्रशरवर तिला वॉश सँड म्हणतात. व्हीएसआय यंत्रावर केलेली असेल तर आणखी चांगले, कारण त्यात कण चौकोनी-गोलसर होतात. नुसत्या जॉ क्रशरच्या मालात चपट्या, धारदार कपच्या जास्त असतात.

कच किंवा ग्रिट स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. सहा मिलिमीटरच्या धारदार खड्यांवर कोंबडी दांडीवरून उडी मारते तेव्हा पंजाच्या तळव्याला बारीक जखम होते, तीत जंतू शिरतात आणि काळ्या खपलीची गाठ धरते. गावरान कोंबडी हलकी असते, तिला कमी त्रास होतो. तुमच्या गिरिराज कोंबड्या अंगाने जड आहेत, त्यांना हा त्रास लवकर होईल. दांड्याही दोन फुटांच्या वर ठेवू नका. माल घ्यायच्या आधी ढिगावर अनवाणी दहा-वीस पावले चाला. आपल्या पायाला टोचते ते त्यांच्याही पायाला टोचते.

ट्रॅक्टर रिकामा व्हायच्या आधी तीन परीक्षा करा. पारदर्शक सरळ बाटलीत तिसरा हिस्सा वाळू घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि काही तास ठेवा. वाळू खाली बसेल आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसेल. बांधकामावर या पद्धतीत ८ टक्क्यांपर्यंत गाळ चालवून घेतात. आपल्यासाठी १० सेंटिमीटर वाळूवर ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ नको. दुसरी परीक्षा मुठीची आहे. दमट वाळू मुठीत आवळून सोडा. गोळा तसाच राहिला आणि तळहात मातकट झाला तर माल परत पाठवा. लगेच विस्कटली, तळहात जवळजवळ स्वच्छ राहिला तर ठीक. तिसरी मला सर्वांत पटते. तळाला भोके असलेल्या नर्सरीच्या कुंडीत सहा इंच वाळू भरा आणि तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळे न करता उतरले पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी वरचा इंचभर थर बोटाला कोरडा लागला पाहिजे. तुमच्या दारातल्या गिलाव्याच्या वाळूवर हीच परीक्षा शेजारी करून बघा.

नदीची जाड वाळू कोंबड्यांसाठी उत्तमच, याबद्दल शंका नाही. कण घासून गुळगुळीत झालेले असतात, भुकटी कमी असते. विदर्भात कन्हान, वैनगंगेची जाड वाळू ज्यांना रीतसर मिळते त्यांनी दुसरे काही शोधू नये. पण तिची रॉयल्टी भरल्याची आणि वाहतुकीची पावती मागा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, नदीच्या पात्रातली वाळू पाणी धरते आणि काठच्या विहिरी जिवंत ठेवते. कोंबड्यांच्या पायाखाली घालायला रात्रीच्या अंधारात उपसलेली वाळू घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

खाडीच्या वाळूत मीठ असते. कोंबडीच्या खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावे लागते. त्यापलीकडे गेले की ती जास्त पाणी पिते आणि पातळ हगते. कोंबडी वाळूचे कण सतत टिपते, म्हणजे ते मीठ पोटात जाते. शिवाय मीठ हवेतली ओल खेचते, त्यामुळे ही वाळू दमट दिवसांत सुकत नाही. जाळीचे खांब गंजतात ते वेगळेच. कोकणात राहणाऱ्यांना दुसरा पर्यायच नसेल तर ती एक पावसाळा उघड्यावर पसरून धुऊन घ्यावी आणि निथळलेल्या पाण्याचा थेंब जिभेला खारट लागत नाही याची खात्री करावी. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उचलणे तर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपण्याच्या नियमांत बसतच नाही. पाहुण्यांना सांगा, वाळूऐवजी शिंपल्यांचे पोते पाठवा. कुटून वेगळ्या भांड्यात ठेवले तर अंड्याच्या कवचासाठी कोंबड्यांना कॅल्शियम मिळेल.

कोल्हापूर-इचलकरंजी भागातले लोक एक प्रश्न हमखास विचारतात, म्हणून लिहितो. फाउंड्रीतली वापरलेली काळी वाळू फुकट मिळते, ती मुळीच आणू नका. तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते, साच्यातल्या गाभ्याच्या वाळूत रेझिन, म्हणजे चिकटवणारे रसायन असते आणि धातूचे कण तर असतातच. पाडलेल्या बांधकामाची वाळूही नको. तिच्यात सिमेंटच्या गुठळ्या, खिळे आणि बाइंडिंग वायरचे तुकडे असतात. चमकणारा तारेचा तुकडा कोंबडी गिळतेच आणि पेट्यात, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जठरात गेल्यावर तो तिथले अस्तर फाडतो. तुमच्या उरलेल्या गिलाव्याच्या ढिगातही हे तुकडे असणार. ती वाळू कुठेही वापरायच्या आधी चाळा आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवा.

किती लागेल, हा हिशेब तुमच्या बाबतीत फार सोपा आहे. १० गुणिले २० गुणिले अर्धा फूट म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. दबून आणि उकरून कडेने थोडी जाते, म्हणून चार-सहा घमेली जास्तीची बाजूला झाकून ठेवा. उघडी ठेवलीत तर गल्लीतली मांजरे तिथेच घाण करतील. आवाराची जाळीही याच कारणासाठी वरून बंद हवी.

वाळू टाकण्यापूर्वी तळ करावा लागतो आणि माझ्या मते अर्धे यश तळावर आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळू तिच्यात बुडत जाते. वरची पाच-सहा इंच माती काढा, ती परसात उपयोगी पडेल. तिच्या जागी मुरूम भरून पाणी मारून धुम्मसाने चोपा, असा की तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच उंच येईल. उतार लांबीच्या दिशेने ठेवा, २० फुटांत पाचेक इंच. वर पत्रा असेल तर मुरुमावर खडी घालायची गरज नाही. कोंबड्या खोल उकरतात, खडी वर येते आणि दोन्ही मिसळून दोन्हींचे नुकसान होते. खडी बाहेरच्या चरात घाला, उताराच्या टोकाला. कडेने विटांची किंवा चिऱ्यांची ओळ वाळूच्या वर चार इंच राहील अशी बांधा, नाहीतर वाळू जाळीतून बाहेर सांडत राहते.

सुट्या वाळूतून मुंगूस आणि कुत्रे मातीपेक्षा सहज बीळ करून आत येतात. म्हणून मुरूम भरायच्या वेळीच जाळीचा खालचा भाग फूटभर जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवा पसरून वर दगड ठेवा. हे काम नंतर करायचे म्हटले तर सगळे पुन्हा उकरावे लागते.

रोजच्या कामाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. भाताच्या तुसाची किंवा भुशाची गादी आठवड्यातून दोनदा हलवली तरी चालते, कारण गादीत विष्ठा मुरते आणि कुजते. वाळूत तसे काहीच होत नाही, उचलली नाही तर ती तिथेच राहते. रोज सकाळी पाच-दहा मिनिटे दाताळे आणि बारीक जाळीचे सूप घेऊन फिरणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी तुसाची गादीच ठेवावी. तुमच्याकडे भात होतो, तूस स्वस्तात मिळेल. त्यात काही कमीपणा नाही. महाराष्ट्रात हजारो शेड गादीवरच चालतात. वाळू चाळताना तोंडाला मास्क किंवा ओला रुमाल बांधा, ती दगडाची धूळ माणसाच्या फुप्फुसालाही वाईट.

दाणे वाळूवर फेकू नका. दाण्याबरोबर विष्ठेचा अंश आणि जंतांची अंडी टिपली जातात. खाद्य भांड्यातच द्या, भाजीचा पाला दोरीने टांगा. पाण्याचे भांडे दोन विटांवर, तेही उताराच्या खालच्या टोकाला. आवारात एक जागा कायम ओली राहत असेल तर ती बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखालचीच असते. ओल्या जागेवर चुना भुरभुरायची आपल्याकडे सवय आहे. कोंबड्या आत असताना तो टाळा. तो पायाला आणि डोळ्यांना लागतो आणि ताज्या विष्ठेवर पडला की अमोनिया जास्तच उडतो. ती वाळू दोन घमेली काढा आणि कोरडी घाला.

जाड वाळूत एक उणीव आहे. कोंबडीला धुळीत लोळायला लागते, त्यानेच ती पिसवा आणि उवा झाडते. जाड कण पिसांत शिरत नाहीत. म्हणून पत्र्याखाली कोरड्या कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांची चौकट करून तिच्यात बारीक माती, चुलीची चाळलेली राख आणि ती दारातली गिलाव्याची वाळू, चाळून आणि चुंबक फिरवून, घाला. बारीक वाळूला हीच योग्य जागा. तसेच नुसत्या वाळूत गावरान कोंबडीला उकरून काही सापडत नाही, ती कंटाळते आणि एकमेकींची पिसे ओढते. आवाराचा चौथा हिस्सा फळी लावून वेगळा करा आणि तिथे कोरडा पालापाचोळा टाका. दोन्ही मिसळू मात्र देऊ नका. पाला वाळूत गेला की वाळूही कुजकट होते.

पहिल्या काही आठवड्यांची पिल्ले वाळूवर सोडू नका. खाद्य कोणते आणि वाळू कोणती हे त्यांना कळत नाही आणि पोट वाळूनेच भरून बसते. ती तुसावर, सुरुवातीचे काही दिवस वर वर्तमानपत्र टाकून वाढवा. उन्हाळ्यात थेट उन्हातली वाळू दुपारी पाय टेकवत नाही एवढी तापते. पत्रा तुमच्याकडे असेलच, बाजूने शेडनेट सोडा.

चांगली सांभाळली तर एक ब्रास वाळू काही वर्षे पुरते. दरवर्षी मे महिन्यात वरचा दोन इंचांचा थर काढा, नवीन घाला आणि खालचा कडक उन्हात उलटापालटा करा. काढलेली वाळू परसातल्या वाटेवर किंवा आंब्या-नारळाच्या आळ्याच्या कडेला पसरा, भाजीच्या वाफ्यात नको. रोजची उचललेली विष्ठा मात्र खताच्या खड्ड्यात टाका, वर उसाचे पाचट किंवा पाला घाला. ताजी विष्ठा रोपाला दिली तर मूळ जळते. नीट कुजल्यावरच भाजीला घाला.

तुमचे काम आत्ता सुरू करायचे असेल तर क्रम असा ठेवा: आधी पत्रा आणि पन्हळ, मग जाळी गाडणे, मुरूम आणि चोपणे, आणि वाळू सर्वांत शेवटी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पावसाच्या तोंडावर क्रशरचा माल ओला येतो आणि ओल्या मालात भुकटी किती आहे ते नुसत्या नजरेला कळत नाही.